ऊन पाठीवर पाहिजे

नवा माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात, आणि आमच्याकडे आडून आडून आणखी एक गोष्ट विचारतात, जी विचारायची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. दिगंबरआप्पा यातलं काहीच विचारत नाहीत. ते गाल बघतात.

बीडच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका अनोळखी तरुणाची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे फिरवत होते.

"उजवा गाल करपलाय. पालीकडून येतूस ना बे?"

तरुणाचा चहा हिंदकळला. "हो. पण तुमाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या गालानं."

मग त्यांनी अख्ख्या टपरीला समजावून सांगितलं. पाली बीडच्या दक्षिणेला. सकाळी बीडला येताना उगवतीचं ऊन उजव्या गालावर. संध्याकाळी परत जाताना मावळतीचं ऊन, तेही उजव्याच गालावर. गेवराईकडून येणाऱ्याचा डावा गाल जातो. आणि मावळतीच्या अंगानं, लिंबागणेशकडून येणाऱ्याची तर दशा विचारू नका. सकाळी ऊन तोंडावर, संध्याकाळी ऊन तोंडावर.

"आन तेलगाव रोडला राहणारा," इथं आप्पांनी कपबशी खाली ठेवली, "सकाळी येताना ऊन पाठीवर, संध्याकाळी जाताना ऊन पाठीवर. राजा माणूस! नोकरी शहरात करावी, बिऱ्हाड उगवतीला करावं. मोजल्याबिगर मी बोलत न्हाई."

मी तिथं पत्रकं वाटत होते. तेच माझं काम. नळाला पाणी नाही, पत्रक. गटार उघडं, पत्रक. आमच्या जिल्ह्यात अन्यायाला तोटा नसल्यामुळे मी कधी रिकामी बसलेली नाही. आप्पांनी माझ्या हातातून एक पत्रक घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "पोरी, तेरा वेळा उद्गारचिन्ह हाय. एवढं कावून वरडती?"

माझ्या पत्रकातली उद्गारचिन्हं मोजणारा हा पहिलाच माणूस. मला त्यांचा भयंकर राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

आप्पा मोजणी खात्यात होते. आयुष्यभर लोखंडी साखळी घेऊन दुसऱ्यांचे बांध मोजले. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक तीर्थयात्रेला निघाले, आणि आप्पा निघाले बीडच्या चारी दिशांच्या प्लॉटिंगला. प्रत्येक रस्त्यावर ते आठवडाभर बसनं येजा करायचे, तीही ऐन नोकरदारांच्या वेळेला. बसताना दोन्ही खांद्यांवर एकेक ओला रुमाल टाकायचा, एक मानेवर ठेवायचा आणि एक कपाळावर बांधायचा. उतरताना कुठला आधी वाळला ते बघायचं. कंडक्टर वैतागायचे. "आप्पा, धुणं घरी वाळवा की! गाडीत कशाला?"

"घर कुठं करायचं त्याच्यासाठीच वाळवतोय," आप्पा म्हणायचे.

प्लॉट विकणाऱ्यांना तर त्यांनी रडकुंडीला आणलं होतं. ही जमात मी चांगली ओळखते. ओसाड माळावर चार दगड रोवायचे, समोर कमान उभारायची आणि बोर्ड लावायचा: 'शहरापासून फक्त पंधरा मिनिटे.' कशानं पंधरा मिनिटं? हेलिकॉप्टरनं? असाच एक पांढरे बूट घातलेला एजंट आप्पांना कमान दाखवत होता. इथं बगिचा होणार, इथं मंदिर होणार.

"कमान ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "ऊन कुठून येतं ते सांग."

"आप्पा, ऊन वरूनच येतं की."

"मग तू कशाला खाली उभा हायेस? जा वर, इचारून ये."

अशी दोन-तीन वर्षं घासून शेवटी त्यांनी तेलगाव रस्त्यावर, बीडपासून दहा-अकरा किलोमीटरवर, सुखकर्ता नगरात घर बांधलं. दोन खोल्या, पुढं ओटा. माझ्या भावानंही तिथंच घर घेतलं होतं, त्यामुळे मी आप्पांची शेजारीण झाले. घरात ते एकटेच. काकू कधीच्या वारलेल्या. तरी दुसऱ्या खोलीला जाड पडदे, पलंगावर धुतलेली चादर, आणि ती खोली कायम बंद. पाहुण्यांसाठी असेल, असं मी धरून चालले.

कॉलनीत त्यांची टिंगल व्हायची. "आप्पा, तुमी रिटायर. तुमाला बीडला जायचं न्हाई, यायचं न्हाई. ऊन पुढून काय आन मागून काय?"

"तत्त्व हाय," आप्पा म्हणायचे आणि ओट्यावर बसून रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या बस बघायचे.

सुसाटच. कारण सुखकर्ता नगराला थांबा मंजूर नव्हता. चाळीस घरं, त्यातली निम्मी माणसं रोज बीडला कामाला, आणि बस धूळ उडवून पुढं. मग काळ्यापिवळ्या जीपमध्ये लोंबकळायचं, ड्रायव्हरच्या मांडीवर बसायचं तेवढं बाकी. बायांचे हाल तर सांगण्यापलीकडचे. दोन घरांनी कंटाळून बीडला परत खोली घेतली. थांबा झाला नाही तर काही वर्षांत कॉलनीत फक्त कमान उरणार, हे उघड होतं.

मी पेटले. पहिलं पत्रक रातोरात लिहिलं: 'सुखकर्ता नगरचा सवाल: आम्ही माणसं की मैलाचे दगड?' छापायला नेणार तोच आप्पा दारात.

"खाली एक ओळ टाक. 'सदर ठिकाणी सकाळ-संध्याकाळ ऊन पाठीवर असते.'"

"आप्पा, हे बसचं पत्रक आहे! उन्हाचा काय संबंध?"

"तत्त्व हाय."

मी नाही म्हणाले. ते ओट्यावर बसून राहिले. जेवायला बोलावलं तर उठेनात. शेवटी मी ती ओळ टाकली, अगदी बारीक अक्षरात. छापून आल्यावर त्यांनी एक प्रत मागितली, चार घड्या घालून खिशात ठेवली. नंतर प्रत्येक पत्रकाचं तेच. अधिकाऱ्यांच्या अब्रूची मी लक्तरं करायची, आणि शेवटी 'ऊन पाठीवर असते.' डेपोतला क्लार्क माझं पत्रक आधी खालून वाचायचा आणि हसायचा. मला आप्पांना बांधावर पुरावंसं वाटायचं.

पण पत्रकं लागली. एका दुपारी आगाराचे साहेब स्वतः पाहणीला आले. कॉलनी सगळी कमानीपाशी जमा. आमच्या पुढं, तेलगावच्या बाजूला, बापूसाहेबांचं हॉटेल. बापूसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. ते पांढरंशुभ्र धोतर सावरत आधीच साहेबांच्या शेजारी उभे होते. साहेब म्हणाले, "थांबा देऊ. पण कमान वळणाला लागून आहे, धोका आहे. थांबा हॉटेलसमोर घेऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होते. हॉटेलपर्यंत चालायला पाच मिनिटं, त्यात काय! इतक्यात मागून आवाज आला.

"न्हाई जमणार."

"आप्पा!" मी ओरडले. "दोन वर्षं झगडून थांबा मिळतोय!"

"हॉटेलापाशी उतरलं की घरी यायला मागं चालावं लागतं. मावळतीकडं तोंड करून. चारशे ऐंशी पावलं. ऊन तोंडावर."

सगळे हसले. मी हसले नाही, मला संताप आला होता. एका माणसाच्या खुळापायी चाळीस घरांचा थांबा जाणार होता. साहेबांनी फाईल मिटली. "बाबा, कमानीपासून वळण किती लांब आहे ते कागदावर आल्याशिवाय मला काही करता येत नाही. मोजणीसाठी रीतसर अर्ज करा. सहा महिन्यांत नंबर लागेल."

मोजणी हा शब्द साहेबांनी उच्चारायला नको होता. आप्पा स्कूटरकडे गेले. डिकीतून साखळी निघाली. तेल लावलेली, चकचकीत. "पोरी, टोक धर."

मी धरलं. का धरलं, माहीत नाही. भर उन्हात आप्पांनी कमानीपासून वळणापर्यंत मोजलं, मग वळणापासून हॉटेलपर्यंत. कमान वळणापासून चांगली लांब भरली. नियमात आरामात बसत होती. वळणाच्या कुशीत होतं ते हॉटेल!

आप्पांनी तिथंच पंचनामा लिहिला आणि कागद नेमका बापूसाहेबांपुढं धरला. "बापूसाहेब, पंच म्हणून पहिली सही कुणाची?"

आमच्या भागात पहिली सही हा मान असतो. बापूसाहेबांनी जन्मात कुठला पंचनामा वाचलेला नाही आणि कुणा दुसऱ्याला पहिली सही करू दिलेली नाही. त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि झोकात सही ठोकली, आपल्याच हॉटेलाच्या विरोधात. मग कॉलनीनं सह्या केल्या. साहेबांनी कागद वाचला, बापूसाहेबांकडे पाहिलं, आणि तोंडावर रुमाल धरून खोकले.

"आता पुढाऱ्यांचीच साक्ष आहे म्हटल्यावर," ते म्हणाले, "थांबा कमानीसमोर."

बापूसाहेबांना काय झालं ते कळेपर्यंत आम्ही गुलाल उधळला होता.

पंधरवड्यात पाटी लागली. पहिली बस संध्याकाळी साडेपाचला थांबणार, म्हणून हलगीवाला आला, नारळ आला. मी सहा पानी भाषण लिहून तयार. आप्पा मात्र गर्दीत नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून पाटीच्या मागं एकटेच उभे होते.

"आप्पा, जिंकलो आपण! इथं काय करताय?"

ते रस्त्याकडेच बघत बोलले. "मंगलचा निरोप आलाय. यील म्हणती. बघू."

"कोण मंगल?"

"लेक माझी. बीडला दवाखान्यात रक्त तपासती. आमचं गावातलं घर लिंबागणेशच्या अंगाला. तिथून रोज येजा करायची. दोन्ही टायमाला ऊन तोंडावर. अर्धशिशी लागली तिला. घरी आली की वकायची, डोक्याला फडकं आवळून अंधारात पडायची. नोकरी सोडीना. म्हणली, आप्पा, बीडला बिऱ्हाड करू. मी म्हणलो, अर्धं डोकं दुखतंय म्हणून कुणी घर सोडतं का? नखरे हायेत सगळे. त्याच आठवड्यात गेली. बीडला एकटी राहती. खोलीला खिडकी बी न्हाई. मुद्दाम तसली घेतली."

हलगी वाजत होती.

"मग मी एक दिस तिच्या गाडीनं बसून गेलतो. तिच्याच टायमाला. उतरलो तवा माझंबी डोकं फुटायला झालतं. जल्म मोजण्यात गेला पोरी, आन घरातलं दुखणं न मोजताच बोललो." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "तोंड दाखवायची लाज वाटायची. चिठ्ठी लिहिता यीना. म्हून तुझी पत्रकं दवाखान्याच्या खिडकीत ठिवून यायचो. त्यात आपली ती एक ओळ असायची."

मी आजवर शेकडो पत्रकं लिहिली. त्यातली ती एक ओळ मी सगळ्यात बारीक अक्षरात छापली होती.

बस आली. थांबली. आमच्या कमानीसमोर, इंजिन घरघरत, चक्क थांबली! लोकांनी असा काही जल्लोष केला की ड्रायव्हर घाबरला. नारळ फुटला, गुलाल उडाला, कॉलनीतली माणसं एकेक करून वरातीतल्या नवरदेवासारखी उतरली. सगळ्यात शेवटी एक बाई उतरली. काळा चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत घड्या घातलेली पत्रकं. तिनं आधी माझ्याकडे, माझ्या हातातल्या भाषणाच्या कागदांकडे पाहिलं. "तुमीच का त्या वरडणाऱ्या?" आणि मग आप्पांकडे वळली.

आप्पांनी सवयीनं तिची हनुवटी धरली आणि तिचे गाल पाहू लागले, आधी उजवा, मग डावा.

मंगलताईंनी मानेवरून एक रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. मग कपाळाचा सोडला आणि तोही दिला.

"तुमचे रुमाल अख्ख्या डेपोला माहीत हायेत, आप्पा," त्या म्हणाल्या. "बघा. दोन्ही स्टँडवरच भिजवले होते. मानंवरचा वाळलाय. कपाळावरचा ओलाच हाय."