मनोहर भाऊजींचा चव-दौरा

मनोहर भाऊजी मेनूकार्डाशी भांडतात. वेटरशी नाही, मालकाशी नाही, थेट कार्डाशी. डोळ्यांसमोर धरतात आणि पनीर दिसलं की त्याला झापायला लागतात. “काऊन बे, तू इथी कसा आला? मूल गावच्या कोणत्या धानाच्या बांधीत रोवलं होतं तुले?” मग वेटरकडे वळून त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, “इथी काय पिकते, ते आण!”

“साहेब, इथी तं धान पिकते.”

“मंग धान आण!”

मी त्यांचा साळा. त्यामुळे वेटरची माफी मागायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे.

भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. तीस वर्षं कालव्याच्या काठाने सायकल मारली आणि पाणी चोरणाऱ्यांवर ओरडले. नोकरीतून निवृत्त झाले, ओरडण्यातून नाही. दूध पातळ आलं तर गवळ्यावर, पेपर उशिरा आला तर पेपरवर, आणि कोणीच सापडलं नाही तर माझ्यावर. मी काही बोललो की, “मले शिकवू नको.” मी तांदळाच्या गिरणीत सुपरवायझर आहे, हाताखाली वीस माणसं आहेत, पण या माणसापुढे माझी अजून चौथी इयत्ताच चालू आहे.

यंदा पावसाळ्यात माझी मोठी बहीण सिंधूबाई, म्हणजे त्यांची बायको, तापाने पडली. मी तिला नुसतं बाईच म्हणतो. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. वासही गेला. जिच्या हातचं खायला लोक निमित्तं काढून येत, ती बाई चमचे मोजून मीठ टाकायला लागली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, थांबा. भाऊजी त्यांच्यावर उखडले. “थांबा म्हणजे किती? चव म्हणजे का चिमूरची बस आहे?”

मग त्यांनी स्वतःच इलाज काढला. त्यांच्या मते बाईची जीभ झोपली होती आणि तिला हलवून उठवायला हवं होतं. आठ दिवस पोंभुर्ण्याकडच्या जंगलपट्ट्यात सायकलीने फिरायचं, सकाळी पहाडी चढायची, आणि जे गाव लागेल तिथं पिकलेलं, तिथल्याच बाईच्या हातचं खायचं. एवढं केल्यावर चव परत आली नाही तर तिचीच चूक.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. अंथरुणातून जेमतेम उठलेली छप्पन वर्षांची बाई, आणि सायकल! मी त्यांच्या अंगणात उभा राहून तोंडावर बोललो, “भाऊजी, तुमची हौस भागवाले माह्या बहिणीले काऊन मारून राह्यले?” उत्तर काय मिळालं ते सांगायला नको. बाई मात्र आतून पिशवी भरून आली होती. “जाऊ दे रे, मलेही फिरणं होईन.” शेवटी मी गिरणीतून सुटी काढली आणि मोटारसायकलवर त्यांची अंथरुणं, हवेचा पंप आणि औषधं बांधून मागे निघालो. सहल दोघांची, हमाल मी.

पहिल्याच सकाळी पहाडीच्या पायथ्याशी वनरक्षकाने अडवलं. म्हणाला, वर वाघाचे पंजे दिसले आहेत, जाऊ नका.

“आमी त्याच्या घरी जेवाले चाललो काय?” भाऊजी गरजले. “भूक लागाले चढून राह्यलो!”

“त्यालेही भूकच लागते न साहेब,” तो शांतपणे म्हणाला.

बाई खुदकन हसली. भाऊजी वाघावर, वनखात्यावर आणि हसल्याबद्दल बाईवर चिडत चिडत दुसऱ्या पहाडीकडे वळले. ती आम्ही चढलो. माझ्या पॅंटला काटे, बाईच्या टाचेला फोड. मी मनातल्या मनात त्यांना अशा शिव्या दिल्या की माझ्या आईने ऐकल्या असत्या तर मला जेवायला दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी एका घरी अंबाडीची भाजी होती. भाऊजी घास घेऊन ‘वा’ म्हणाले आणि बाईकडे पाहत बसले. रोजच पाहत. ती दोनदा चावली, जरा थांबली आणि म्हणाली, “उलीसं, जरासं, आंबट लागलं वाटते.”

भाऊजी ताटावरून उठले. त्या घरच्या म्हाताऱ्याला त्यांनी उष्ट्या हाताने मिठी मारली. तो माणूस घाबरून बायकोला हाका मारायला लागला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. रागाने का होईना, या माणसाने करून दाखवलं, असं वाटलं.

त्यानंतर मात्र त्यांच्यापुढे कोणाची धडगत राहिली नाही. चव येतेच आहे, तर आता एकही घास खराब जायला नको. एका घरी सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारातून आणला म्हणून वाद. दुसरीकडे लाखोळीची डाळ मिक्सरमधून काढली म्हणून वाद. बाई रोज काहीतरी सांगायची. आज तिखट लागलं, आज गोड लागलं. भाऊजींचा आवाज रोज चढायचा आणि मी रोज माफी मागायचो.

सहाव्या दिवशी तलावाकाठी कमलाबाईंकडे उतरलो. घर मासेमारीचं, भाऊजींच्या नोकरीपासून ओळखीचं. सकाळच्या जाळ्यातल्या मासोळ्या, बांधीतला नवा तांदूळ. भाऊजी सरळ चुलीपाशी जाऊन बसले. “कमलाबाई, मिठाले हात लावाचा नाई. मी सांगीन तेव्हाच टाकाचं. रसा उकळला की मी सांगतो.”

“माह्या चुलीवर तुमी सांगसान?” ती तडकली. “बरं, सांगा बापा. मी नाईच लावत हात.”

तेवढ्यात बाहेर कोणीतरी कालव्याच्या बांधावरून ट्रॅक्टर नेला. भाऊजींचं जुनं रक्त उसळलं. धावत गेले आणि अर्धा तास त्या ट्रॅक्टरवाल्याशी भांडून लाल होऊन परत आले. ताटं वाढलेलीच होती.

मी पहिला घास घेतला. मीठच नाही. भातात नाही, रश्शात नाही, मासोळीत नाही. आता आभाळ कोसळणार म्हणून मी ताट जरा बाजूला सरकवलं. मनातून मला आनंदच झाला होता. चूक त्यांची होती आणि कमलाबाई काही ऐकून घेणारी नव्हती. भाऊजींचा घास तोंडातच थांबला होता.

बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि घाईने म्हणाली, “आज तं एकदम मस्त लागून राह्यलं. मीठ कसं बरोबर पडलं! तुमीच सांगतलं असन न टाकाले?”

मी म्हणालो, “बाई, हे तं अळ...”

“जेव,” भाऊजी म्हणाले. हळू. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी घास गिळला.

आतून कमलाबाई मुठीत मीठ घेऊन धावत आली. “अई, तुमी सांगतलंच नाई, अन मी...”

“रसा आण अजून,” भाऊजींनी तिला मध्येच तोडलं. “झकास झालं.”

ते अळणी जेवण त्यांनी तीनदा मागून घेतलं. कमलाबाई मूठ मिटून दारातच उभी राहिली. माझ्या सहा दिवसांच्या रागाचं काय करावं ते मला कळेना. रोज नवी चव सांगत आलेल्या बाईचा राग यायला हवा होता, तोही येईना. ती मन लावून जेवत होती, भाताचं शीतसुद्धा ठेवत नव्हती.

जेवण झाल्यावर भाऊजींनी बाईचं ताट उचललं, विहिरीवर नेलं आणि घासायला बसले. ताट केव्हाच लख्ख झालं होतं, तरी ते घासतच होते.

खाटेवरून बाईने विचारलं, “अहो, उद्या झिंगे खाऊ न?”

“खाऊ न,” भाऊजी म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.