खांदवेकाकांचा पास

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतले खांदवेकाका कुठलीही वस्तू पुढे देत नाहीत. मागेच देतात, आणि तीही न बघता.

गणपतीच्या जेवणात त्यांच्याकडे मसालेभाताचं पातेलं आलं. अर्धी पंगत वाढून ते पुढच्या वाढप्याकडे द्यायचं होतं, यांनी मागच्याला दिलं. सुरुवातीच्या मंडळींना भात दोनदा मिळाला आणि टोकाचे लोक नुसते कोशिंबिरीकडे बघत बसले. सेक्रेटरी चिडले, तर काका शांतपणे म्हणाले, "पुढं पास चालत नाय. नियम हाय."

नियम रग्बीचा, चेंडू हाताने द्यायचा तो मागच्यालाच. काका लोहगावच्या शेतकरी घरातले. फौजेत गेले, तिथे हा खेळ शिकले आणि भारताच्या संघातून परदेशी मैदानं गाजवून आले. डावा कान त्यातच कायमचा चुरगळला. सोसायटीला मात्र या कारकिर्दीचं काडीचं कौतुक नाही. जोशीबाईंनी एकदा विचारलंच, "एवढी ताकद होती, तर क्रिकेट का नाही हो खेळलात?"

"तिथं लई वेळ उभं राहावं लागतं," काका म्हणाले.

त्यांचे सगळे सामने पुन्हा पुन्हा ऐकणारं माणूस एकच, काकू. बाजारात काका पुढे, काकू दोन पावलं मागे. भाजी घेतली की काका मान न वळवता पिशवी मागे सोडायचे आणि काकू ती बरोब्बर झेलायच्या.

"अहो, बघून तरी द्या!"

"बघायचं कशाला? मागं माणूस असतंच."

गेल्या वर्षी काकू गेल्या. महिन्याभराने काका पहिल्यांदा भाजीला निघाले, म्हणून मीही सोबत गेलो. मी शेजारच्या गाडीवर कोथिंबीर निवडत होतो. काकांनी टोमॅटो घेतले आणि सवयीने पिशवी मागे सोडली.

टोमॅटो रस्ताभर झाले. रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले. काका वळलेच नाहीत, हात तसाच मागे. एवढा धिप्पाड माणूस, पण माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन पावलं मागे चाललो. मेथी घेतल्यावर पिशवी त्यांच्या हातात जरा घुटमळली, मग सुटली. मी झेलली, पण पोटावर.

"हात पुढं ठेवायचं," काका समोर बघतच म्हणाले. "ती कधी पोटावर घ्यायची नाय."

वर्ष होत आलं. अजून रोज माझ्या चुका काढतात. पिशवी मात्र आता न बघता सोडतात.