पिंपाचा आलेख

"उद्यापासून नववीचं गणित माझं!" पाचवीच्या सरांनी घरात जाहीर केलं.

घरात म्हणजे बायकोसमोर. ती पलीकडच्या गल्लीत बहिणीकडे निघाली होती आणि दुसरी चप्पल शोधत होती, त्यामुळे घोषणेचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही. सर मात्र आधीच नववीच्या वर्गात पोचले होते. वर्षानुवर्षं पाचवीला पाढे घोटून घेताना त्यांचा जीव नुसता विटून गेला होता. उद्या मोठ्या बाई मागच्या बाकावर बसून त्यांचा पाठ बघणार होत्या. आवडला तर नववी सरांना, नाहीतर विज्ञानाच्या सरांना. या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, राहायच्या बरोबर सरांच्या खालच्या मजल्यावर. म्हणून सर स्वतःच्या घरातसुद्धा पाय न वाजवता चालायचे!

"पुस्तकातली शिळी उदाहरणं नकोत," सर म्हणाले. "जिवंत उदाहरण हवं! शब्दांतून समीकरण, समीकरणातून रेषा!"

"जिवंत उदाहरण स्वयंपाकघरात आहे," बायको म्हणाली. "पिंपात पाइप सोडलाय. लक्ष ठेवा, लवकर भरेल. अहो, ऐकताय ना?"

"हो हो!" म्हणजे अजिबात नाही.

ती गेल्यावर सरांनी पिंपाच्या झाकणातल्या भोकातून पाइप बाहेर ओढला आणि दहा लिटरच्या बादलीत धरला. बरोबर एका मिनिटात बादली भरली. पाइप परत भोकात गेला, झाकण होतं तिथेच राहिलं. पिंप दोनशे लिटरचं. मिनिटं क्ष, लिटर य. य बरोबर दहा क्ष! सर बाहेरच्या खोलीत आले, पेन्सिलीला टोक काढलं आणि आलेखकागदावर शून्यापासून अशी देखणी रेषा ओढली की त्यांनाच भरून आलं. विसाव्या मिनिटाला नळ बंद करायचा. आत डोकावायचं नाही! डोकावून बंद करायचा, तर गणित कशाला शिकायचं?

बाराव्या मिनिटाला सरांचे मोजे ओले झाले.

सरांनी खाली पाहिलं. पाणी! मग आलेख पाहिला. बारा मिनिटं, एकशेवीस लिटर. म्हणजे पिंपात अजून ऐंशी लिटरची जागा. तेव्हा हे पाणी आपलं असणं शक्यच नाही! सर ताडताड जिना चढून वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

"तुमचं पाणी आमच्या घरात येतंय!"

"छतातून?" डॉक्टरांनी विचारलं.

"छत कोरडं आहे. जमिनीवर आलंय."

"मग आमचं कसं असेल, सर? मधलं छत चुकवून येतंय का ते?"

सरांनी आलेख पुढे केला. डॉक्टरांनी तो एक्स-रेसारखा उजेडात धरून पाहिला आणि कीड कुठे दिसत नाही म्हणाले. मग सरांनी त्यांना रेषेचा चढ समजावला. डॉक्टर जांभया देऊ लागले तेव्हा कुठे सर उतरले.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. हातात उघडी छत्री, चष्म्यावर थेंब! मागून बायको जिना चढून आली, तशीच आत धावली आणि तिने नळ बंद केला. सरांनी घड्याळ पाहिलं. बरोबर वीस मिनिटं!

"सर, हा कागद कसला?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"उद्याच्या पाठाची तयारी, बाई. पिंपाचा आलेख."

बाईंनी चष्मा पुसून कागद पाहिला. "रेषा शून्यातून का निघालीय?"

"सुरुवातीला पिंप रिकामं..."

"रिकामं कुठलं?" बायको आतून ओरडली. "निम्मं भरलेलं होतं! उगीच म्हटलं का लवकर भरेल म्हणून?"

सर ओल्या जमिनीवर मांडी घालून बसले. रेषा खोडली, पट्टी शंभरावर ठेवली आणि नवी ओढली. ती थेट दहाव्या मिनिटाला दोनशेला भिडली!

"बाई, बघा!" सर मोज्यांसकट सगळं विसरले. "चढ बरोबरच होता! फक्त सुरुवातीचे शंभर राहिले!"

"राहिले नाहीत, सर. ते शंभर माझ्या पलंगावर आहेत."

सरांनी मान खाली घातली. नववी गेली, हे सांगायला समीकरण नको होतं. फार वाईट वाटलं त्यांना.

बाई मात्र अजून कागद न्याहाळत होत्या. "उद्यापासून नववी घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या.

सर टुणकन उठले, घसरले, पुन्हा उठले. "खरंच, बाई?"

"हो. चित्रकलेच्या बाई रजेवर आहेत, आणि तुम्ही रेघ सुरेख मारता."