खिडकीजवळची खुर्ची

सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण घरात एकाने शंभरी ओलांडली की बाकीच्यांचं वय वाढायचं थांबतं. थोरल्याचंच बघा. वय चौऱ्याऐंशी, घरात अजून 'पोरगं'. कारण त्याचे वडील, म्हणजे आबा, एकशे सात वर्षांचे. खिडकीजवळची हातांची खुर्ची आबांची, दाराजवळचं स्टूल थोरल्याचं. स्टुलाला पाठ नव्हतीच. थोरल्याला होती, तीही आता कामातून गेली होती.

त्याची एकच इच्छा होती. मरण्यापूर्वी चार दुपारी त्या खुर्चीत टेकून पेपर वाचायचा. (कुणाच्या मरण्यापूर्वी, हे तो सभ्यपणामुळे मनातसुद्धा स्पष्ट करत नसे.)

दीर्घायुष्य संशोधन केंद्राचे तज्ज्ञ दरवर्षी येत. आबांचं रक्त, लाळ, नखं आणि सकाळचं बाकी सगळं आदरपूर्वक घेऊन जात. निष्कर्ष थक्क करणारे होते : हृदय साठीतलं, आतडी चाळिशीतली, कान गरजेपुरते. तुलनेसाठी थोरल्याचंही रक्त तपासलं गेलं. 'अकाली वार्धक्य,' तज्ज्ञ हळहळले. उपाय म्हणून त्यांनी त्याला जास्तीत जास्त उभं राहायला सांगितलं आणि रिकाम्या झालेल्या स्टुलावर आपली पेटी ठेवली.

यंदा त्यांनी पुन्हा रहस्य विचारलं. गेल्या खेपेला आबांनी पहाटेच्या गार पाण्याच्या आंघोळीचं नाव घेतलं होतं. केंद्राचे तेव्हाचे प्रमुख त्यातच गेले. (जागा लगेच भरली.)

"मला कशाचाच मोह उरला नाही," आबा म्हणाले. "ज्याला जे हवं ते त्याने खुशाल न्यावं. म्हणून टिकलोय."

तज्ज्ञ गहिवरले. निर्मोहीपणा नेमका कुठल्या ग्रंथीतून पाझरतो, यावरून त्यांच्यात तिथल्या तिथे दोन तट पडले.

थोरला जन्मात पहिल्यांदा वडिलांच्या बोलण्यात मध्ये पडला.

"आबा, मग ही खुर्ची मला द्या."

आबांचे कान तत्काळ बंद झाले. दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आवळल्या गेल्या. तज्ज्ञांनी धावत जाऊन पकड मोजली. तिशीतली भरली.

"खोटं बोललात, आबा," थोरला उभ्या उभ्या म्हणाला.

हसताय ना? बसूनच हसत असाल. जरा मागे वळून बघा, कोण उभं आहे.