दातांच्या दवाखान्यात लेन्स

मास्तरांचा कॅमेरा सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पडला, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. नुसतं "चुकलं" म्हणायला हिचं काय जातं?

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि त्यांची बायको दातांची डॉक्टर होती. लग्नाच्या वाढदिवशी त्याच सोफ्यावर, त्याच जागी बसून दोघांचा एक फोटो काढायचा, हा मास्तरांचा अकरा वर्षांचा नेम. मास्तरांनी त्यासाठी रजा टाकली होती. डॉक्टरीणबाईंनी टाकली नव्हती.

"अहो, साडेनऊला पहिली पेशंट आहे माझी."

"दोन सेकंदं बस. टायमर दोनच सेकंदांवर लावतो."

मास्तरांनी कॅमेरा पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, बटण दाबलं आणि मान खाली घालून सोफ्याकडे धाव ठोकली. ते तिथे पोचायच्या आतच मागे धाडकन आवाज झाला. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बऱ्याच वेळाने धीर करून मागे वळून पाहिलं, तर कॅमेरा जमिनीवर आणि खांद्याला बॅग लावलेली बायको त्याच्यावर वाकलेली! बॅगेला हा एवढा लांब बंद. कॅमेऱ्याचा पट्टा कशात अडकला हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

"बघा बाई काय झालंय ते," असं म्हणून बाईसाहेब चपला घालून चालत्या झाल्या. चुकलं नाही, माफ करा नाही, साधं "अरेरे"सुद्धा नाही!

लेन्सची काच शाबूत होती, पण तोंडाची आटेदार कड एका बाजूने आत चेपली होती. त्या आट्यांत फिरवून बसवलेला फिल्टर, म्हणजे लेन्सच्या रक्षणासाठी पुढे लावायची साधी काच, तिथेच रुतून बसला होता. तो पुढे जाईना की मागे येईना. मास्तरांच्या उजव्या बाहीचं बटणही आजच नेमकं तुटून गेलं होतं. लोंबणारी बाही त्यांनी रागारागाने कोपरापर्यंत दुमडली आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान गाठलं.

"पुढचा अख्खा भाग बदलावा लागेल," दुकानदार लेन्स उलटसुलट करत म्हणाला. "मागवायला लागेल. महिना धरून चाला. पडला कसा?"

"बायकोच्या बॅगेत पट्टा अडकला."

"सगळे असंच सांगतात," दुकानदार म्हणाला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे म्हणजे कोण? आपण काय सगळ्यांतले आहोत? त्यांनी लेन्स हिसकावून घेतली आणि तडक बायकोचा दवाखाना गाठला. आता चार माणसांसमोर सोक्षमोक्ष लागल्याशिवाय घरी जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दारातल्या टेबलाशी मावशी बसल्या होत्या. नंबर देणं, पावत्या फाडणं आणि डॉक्टरीणबाईंना वेळेवर चहा पाजणं हे सगळं त्याच बघायच्या.

"मला आत जायचंय, मावशी."

"नंबर?"

"अहो, मी नवरा आहे तिचा!"

"ते ठाऊक आहे हो. नंबर आहे का?"

पाच नंबर घेऊन मास्तर बाकावर बसले. शेजारी कवळी बसवून घ्यायला आलेले एक आजोबा होते. मास्तरांनी त्यांना लेन्स दाखवली.

"अगं आई गं! कुणी हो असं केलं?" आजोबांनी बोळक्या तोंडाने विचारलं.

"आत बसल्यात त्या."

"मग चूक कबूल करायला सांगा की!"

"तेच म्हणतोय मी! अकरा वर्षांत एकदा, फक्त एकदा त्या तोंडातून निघालं असेल तर शपथ!"

आजोबा पुरते मास्तरांच्या बाजूने झाले. पलीकडच्या दोन बायकाही कान देऊन ऐकू लागल्या. पाच नंबरचा पुकारा झाला तेव्हा मास्तर छाती काढून आत गेले.

"हे बघ, काय अवस्था झालीय ती."

"खुर्चीत ठेवा. उजेडात बघू दे."

लेन्स खुर्चीच्या उशीवर विराजमान झाली. डॉक्टरीणबाईंनी वरचा दिवा ओढला आणि दांडीला लावलेला इवलासा आरसा कडेभोवती फिरवला.

"कधीपासून आहे हे?"

"सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून! तुला माहीत नाही?"

डॉक्टरीणबाईंनी दातांच्या तारा वाकवायची पक्कड घेतली, तिच्या तोंडाला कापूस गुंडाळला आणि चेपलेली कड चिमटीत धरून हलकेच बाहेर ओढली. "किंचित दाब जाणवेल," त्या म्हणाल्या.

"हळू! अगं, तडा जाईल! नको, नको, आई गं!" मास्तर ओरडले.

"हलू नका."

"पुढचं सगळं फुटेल गं! सोड!"

दार किलकिलं झालं आणि मावशींचं डोकं आत आलं. "ताई, बाहेरच्या दोघी उठून गेल्या. मास्तर, जरा हळू ओरडा की. दाढ काय तुमची काढतायत?"

"माझी काढली असती तर चाललं असतं!" मास्तर कडाडले.

डॉक्टरीणबाईंचं मात्र कशाकडेच लक्ष नव्हतं. दर वेळी केसभर ओढायचं, आरशात बघायचं, पुन्हा केसभर. हळूहळू कड गोल दिसायला लागली. शेवटचा हात झाला, तसा वीस वर्षांच्या सवयीने त्यांचा डावा हात आपोआप नळीकडे गेला. पाण्याचा बारीक फवारा सुर्रकन लेन्सवर उडाला.

"चूळ भरा," त्या म्हणाल्या.

मास्तर लेन्सवर झेपावले. "पाणी! लेन्सवर पाणी मारलंस तू!"

"सवयीने झालं." डॉक्टरीणबाई चक्क लाजल्या होत्या.

"म्हण मग! आता तरी म्हण!"

"काय म्हणू?"

"चुकलं म्हण!"

"पाणी फिल्टरवर पडलंय, आत थेंबही नाही. चुकलं काय त्यात?"

त्यांनी फिल्टर टिपून कोरडा केला, हातात नवे रबरी मोजे चढवले आणि फिल्टर धरून फिरवला. रबराची पकड घट्ट बसली. फिल्टर करकरला आणि अलगद बाहेर आला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. नव्या बरणीचं झाकण फिरावं तसा फिरत होता.

वास्तविक मास्तरांनी आनंदाने नाचायला हवं होतं. पण ते आणखीच चिडले. हिने तर गुन्ह्याची खूणसुद्धा शिल्लक ठेवली नाही!

"लेन्स बरी झाली म्हणजे विषय संपला असं समजू नकोस," पिशवीतून कॅमेरा काढून त्याला लेन्स बसवत ते म्हणाले. "टायमर चालू होता तेव्हा. पडता पडता फोटो निघालाच असणार. पुरावा आहे माझ्याकडे! मावशी, आत या. आजोबा, तुम्हीही या!"

मावशी आल्या. आजोबा चष्मा पुसत आले. मास्तरांनी कॅमेरा सुरू केला आणि शेवटचा फोटो न बघताच सगळ्यांपुढे धरला.

तिघांची डोकी कॅमेऱ्यावर वाकली.

"हा हात कुणाचा?" अखेर आजोबांनी विचारलं.

मास्तरांनी कॅमेरा आपल्याकडे वळवला. फोटो तिरका होता, पण लख्ख आला होता. कॅमेऱ्याचा पट्टा दोरीसारखा ताणला होता आणि त्याचं टोक सोफ्याकडे धावणाऱ्या माणसाच्या उजव्या बाहीच्या बटणात अडकलं होतं. मावशींनी एकदा फोटोतल्या बाहीकडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या दुमडलेल्या बाहीकडे.

पण मास्तर बाही बघतच नव्हते. सोफ्यावर नेहमीच्या जागी, मांडीवर बॅग घेऊन डॉक्टरीणबाई ताठ बसल्या होत्या. उशीर होत असूनही त्या सांगितलेली दोन सेकंदं जागच्या हलल्या नव्हत्या, आणि कॅमेऱ्याकडे बघून छान हसत होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती.

मास्तरांना एकदम भरून आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. सकाळपासून जमवलेला सगळा संताप आता ठेवायचा कुठे, तेही कळेना. त्यांनी घसा खाकरला.

"च... चुकलं."

"ऐकू नाही आलं," आजोबा म्हणाले. ते आता दुसऱ्या बाजूचे झाले होते.

"चुकलं माझं!" मास्तर ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी हातातले मोजे काढले, कागदी पेल्यात पाणी भरलं आणि मास्तरांपुढे धरलं.

"झालं. थोडं दुखणारच," त्या म्हणाल्या. "आता चूळ भरा."