मन्मथअप्पांची साखळीची करवत

करवत सुरू करायची दोरी ओढण्याआधी मन्मथअप्पा माणसं मोजत. बोट दाखवून, मोठ्यानं. मोजून झालं की सगळ्यांना आडव्या बांधलेल्या दुसऱ्या दोरीच्या मागं उभं करत. ही दोरी झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर बांधलेली असे, आणि ते अंतर अप्पा स्वतः पावलांनी चालून बघत. त्यानंतर पुन्हा मोजणी. मधेच कुणी बिडी ओढायला गेला, तर तो परत येईपर्यंत अप्पा हात बांधून उभे.

लातूर जिल्हा नवा झाला होता. आमचं रस्त्यांचं कार्यालय भाड्याच्या दोन खोल्यांत, कपाटं जुन्या जिल्ह्यातून आलेली, त्यांच्या किल्ल्या तिकडंच राहिलेल्या. रस्ते मात्र ताबडतोब रुंद करायचे होते. म्हणून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आली, आणि ती चालवायला औशाचे मन्मथअप्पा आले. मी कारकून. पाडलेल्या झाडांची नोंद माझ्याकडं, त्यामुळं चार वर्षं त्यांच्याबरोबर हिंडलो.

एप्रिलच्या उन्हात हा माणूस गुडघ्यापर्यंत बूट, जाड विजार, चष्मा, हेल्मेट आणि कानांवर कापसाच्या गाद्या लावून उभा राही. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत. गळ्यातलं लिंगही आत खोचलेलं, कारण फिरत्या साखळीजवळ लोंबतं काही नको. जवळ येणाऱ्याचा धोतराचा सोगासुद्धा ते खोचायला लावत. "साखळीला मुरवत नसती," हे त्यांचं वाक्य. पोरं हसत, अप्पा हसत नसत.

रोज सकाळी अर्धा तास करवतीची सेवा. कानशीनं प्रत्येक दाताला मोजून तीन घासे, एकाच दिशेनं. साखळी बोटानं उचलून बघायची, ना सैल लोंबायला पाहिजे, ना ताठ बसायला. भुसा ब्रशानं झाडायचा, तेल बघायचं. चौथ्या वर्षी दुष्काळ पडला. टँकर आठवड्यातनं दोनदा येई आणि अप्पा तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकत, पण साखळीचं तेल कधी कमी पडू दिलं नाही.

हा शिस्तीचा आजार करवतीपुरता राहिला नाही. एकदा माझ्या घरी जेवायला आले. बायको कांदा चिरत होती. अप्पांनी हात पुढं केला. "वहिनी, सुरी बघू." अंगठा आडवा फिरवून म्हणाले, "बोथट हाय. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, अन् जोर लावला की हात कापतो." जेवण थंड होईपर्यंत त्यांनी आमच्या दोन सुऱ्या आणि विळी घासली. पुढच्या वेळी आले तेव्हा गल्लीतल्या सात बायका विळ्या घेऊन ओट्यावर बसल्या होत्या.

माझ्या मेहुण्याच्या लग्नात तर मंगलाष्टकं अर्ध्यावर थांबली. लाऊडस्पीकरच्या चालत्या जनरेटरमध्ये एकजण पेट्रोल ओतायला निघाला होता. अप्पांनी जाऊन जनरेटर बंद केला आणि डबा काखेत मारला. भटजींचे ओठ नुसतेच हलत राहिले. माझे सासरे धावत आले. "दहा मिन्टं गार होऊ द्या," अप्पा म्हणाले. "नवरदेव काय पळून चाललाय का?" दहा मिनिटं सगळं लग्न हातात अक्षता धरून उभं होतं.

मला वाटे, या माणसाचं जरा अतीच होतंय. औशाच्या वाटेवरचा कडुलिंब पाडला त्या दिवशी ते वाटणं गेलं.

दुपारी वरचे साहेब त्या रस्त्यानं जाणार होते. आमचे साहेब जीप घेऊन सकाळपासून घाईला आलेले. दोन्ही बाजूंना गाड्या थांबवलेल्या. दुष्काळात झाड पडणार म्हटलं की आसपासची माणसं शेळ्यांसाठी पाला न्यायला जमत, फांदी खाली टेकायच्या आत धावत. अप्पांनी सगळ्यांना दोरीमागं घेतलं, मोजलं. चौदा. मग करवत जमिनीवर टेकवली, पाय दाबून दोरी ओढली आणि पडायच्या बाजूला खाच घेतली. आता मागून काप घेतला की झाड जाणार.

अप्पांनी करवत बंद केली. साखळी थांबेपर्यंत थांबले, मग वळून मोजू लागले.

"मघाशी चौदा होते. आता तेराच भरायलेत."

"गेलं असेल कुणी घरी," साहेब म्हणाले. "हाणा आता."

"घरी गेलं असंल तर लई चांगलं. पण गेलेलं कुणी बगितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. साहेबांचा आवाज चढला. "अप्पा, उद्या कामावरून कमी करीन. हवं तर लिहून देतो, जबाबदारी माझी."

अप्पांनी पात्यावर चामड्याचं म्यान चढवलं आणि शांतपणे खाली बसले. "कागद आडवा येत न्हाई साहेब. झाड आडवं येतं."

मग मीच निघालो. झाड पडणार होतं त्या बाजूला रस्त्याकडेचा खोल चर होता. वाकून बघितलं, तर आत सोजरबाई. याच लिंबाखाली फुटाणे विकायला बसणारी म्हातारी, ठार बहिरी. आमच्याकडं पाठ करून, खाली वाकलेल्या डहाळीचा पाला शेळीसाठी ओरबाडत होती. करवतीचा एवढा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मी हात धरून तिला बाहेर आणलं.  साहेबांनी जीपमधली पाण्याची बाटली काढली आणि सोजरबाईला दिली. अप्पा उठले, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "चौदा." मग लिंब बरोबर सांगितला होता तिथं पाडला. कामावरून कमी करण्याची गोष्ट परत निघाली नाही.

महिन्याभरानं एका रविवारी झाडांच्या नोंदवहीवर अप्पांची सही पाहिजे होती म्हणून औशाला निघालो. वाटेत बस लिंब पाडला होता तिथल्या थांब्यावर थांबली. खिडकीतून बघतो, तर लिंबाच्या जागेपासून दहा पावलांवर चार बांबू, वर गोणपाट शिवून ताणलेलं, आणि खाली सोजरबाई फुटाण्यांची पाटी घेऊन बसलेली. शेजारी अप्पा. साधं धोतर, उघडं डोकं. मी उतरलो. त्यांची पाठ माझ्याकडं होती.

"आज भाकरी चांगली जमली," ते तिला सांगत होते. "काल करपली. पीठ मळताना पाणी जास्त होतंय माझ्या हातानं. ती असताना कधी चुलीपुढं बसलो न्हाई, त्याचा हा ताप."

चार वर्षांत अप्पांच्या घरी कोण कोण आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मला बघून ते थोडे ओशाळले.

"अप्पा, तिला ऐकू कुठं येतं?" मी विचारलं.

"न्हाई येत," ते म्हणाले. "म्हणून तर बोलायलोय."

सोजरबाईनं माझ्याकडं बघून कागदाच्या पुडीत मूठभर फुटाणे घातले. तिच्या पायांवर ऊन आलं होतं. अप्पा उठले, गोणपाटाचं एक टोक सोडलं, पश्चिमेकडच्या बांबूला खाली ओढून बांधलं, आणि सावली तिच्या पायांवर आली हे बघून परत जागेवर बसले. मग तिच्याकडं वळून त्यांनी आमटीचं सांगायला घेतलं.

मी सही न घेताच परतीच्या बसला हात केला.