कप्तानाच्या पिस्तुलाला वर्तकांचा हात

दिनानाथ वर्तकांच्या हाताला यश आहे असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या वटार गावात एकच, आणि तो म्हणजे खुद्द दिनानाथ वर्तक! "बिघडलेली वस्तू माझ्या हातात द्या," ते म्हणायचे, "चहा उकळेपर्यंत ठणठणीत करून देतो!" बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांनी घरातल्या वस्तूंना एकामागून एक हात लावला होता. आता मिक्सर चालू केला की बाहेरच्या खोलीतला पंखा थांबायचा. वाडीतला पंप केळींना कोरडं ठेवून शेजारच्या मार्थाबायचं अंगण भिजवायचा. बिचारी मार्थाबाय तक्रार करत नसे. तिच्या अंगणात त्या वर्षी दुधीला जे दुधी लागले, त्याला तोड नव्हती.

आता एवढा कर्तबगार बाप, आणि मुलगा काय करतो? तर उमंग पिस्तुलं बनवायचा. घाबरू नका, खोटी! एका जुन्या हिंदी सिनेमात एक कप्तान हातात किरणांचं पिस्तूल घेऊन मंगळावर उतरतो आणि हिरव्या माणसांना धडा शिकवतो. ते पिस्तूल राजोडीच्या चंद्रहास मास्तरांनी बनवलेलं. तोच सिनेमा आता नव्यानं निघत होता. नातवाला माळ्यावर आजोबांचं पिस्तूल सापडतं, अशी काहीतरी गोष्ट. एक पिस्तूल पाण्यात पडणार, एक जळणार, एक डोंगरावरून गडगडत जाणार. म्हणून जुन्या पिस्तुलासारखी हुबेहूब अशी बरीच पिस्तुलं हवी होती, आणि ते काम मिळावं म्हणून उमंगनं जिवाचं रान केलं होतं. वसई पूर्वेला मित्राच्या गाळ्यात लेथ मशीन होतं. तिथे तो दिवसभर पिस्तुलाचा पुढचा पितळी भोंगा कातत बसायचा. भोंगा पसंत पडला की सगळं काम त्याचं, असं ठरलं होतं.

दिनानाथांना हे काही पटत नव्हतं. "शिकलासवरलास आणि खेळणी करतोस?" गावात कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ते विषय बदलून पावसावर जायचे. शेवटी त्यांनी फर्मान काढलं होतं. "या रविवारी ती सिनेमावाली येतेय ना? तिला पसंत पडलं तर ठीक. नाही पडलं, तर एक तारखेपासून विरारला मितेशमामाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. मामाशी माझं बोलणं झालंय."

उमंग फक्त "बरं" म्हणाला. बापाशी तो कामाबद्दल बोलायचंच सोडून बसला होता. आणि मंडळी, सगळा घोटाळा तिथेच झाला!

रविवार उजाडला. उमंग सकाळीच गाळ्यावर पळाला. जाताना म्हणाला, "आई, मॅडम बाराला येतील. मी त्याआधी येतोच. माझ्या टेबलावरचं कुणी हलवू नका."

आता "हलवू नका" हे दिनानाथांना सांगणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण सांगण्यासारखंच. उमंगची बाईक फाट्याला वळली असेल नसेल, हे खोलीत हजर! टेबलावर टॉवेलच्या घडीवर भोंगा ठेवला होता. दिनानाथांनी तो उचलला आणि त्यांना घाम फुटला.

"लीला! अगं लीला! इकडे ये आधी!"

लीलाबाई पिठाचे हात घेऊन आल्या. "काय झालं? साप आहे का?"

"साप परवडला! हे बघ, हे दाखवणार तुझा लेक त्या बाईला!"

भोंगा काळाकुट्ट होता. अंगावर जागोजागी पोचे. एका बाजूला चरे, जणू कुणी मुंबईपर्यंत फरफटत नेऊन परत आणलेला.

"अहो, त्याला तसाच हवा असेल," लीलाबाई चाचरत म्हणाल्या.

"तसाच? आपल्या घरातून आजवर पोचा आलेला तांब्या तरी कुणाच्या दारात गेलाय का? लोक काय म्हणतील? वर्तकांच्या पोराला साधी कड नीट काढता येत नाही!"

आवाज मोठा होता, पण आतून माणूस हलला होता बरं का. पोरगा इतके दिवस रात्रंदिवस राबतोय आणि हातून असं डबडं निघालंय! बाईसमोर फजिती होणार, आणि पोराचं तोंड पडलेलं आपल्याला बघावं लागणार. टाइल्सच्या दुकानाची धमकी दिली होती खरी, पण ते दुकान काही त्यांना गोड लागत नव्हतं. "बाप जिवंत असताना पोराची फजिती? शक्यच नाही! आण चिंच!"

लीलाबाईंनी चिंच भिजत घातली. नवऱ्याला थांबवता येत नसेल तर निदान लवकर संपवावं, एवढं त्या संसारात शिकल्या होत्या.

आधी पोचे. अंगणात वाळूचं पोतं पसरलं. भोंग्याच्या पोटात खलबत्त्याचा बत्ता घातला आणि दिनानाथ हलक्या हातानं ठोकू लागले. ठण! ठण! ठण! कुंपणावरून मार्थाबायचं डोकं वर आलं.

"दिनानाथभाऊ, रविवारी चर्चच्या मिसाच्या वेळेला कसली घंटा वाजवता?"

"उमंगचं काम आहे. सिनेमाचं!"

मार्थाबाय कुंपणाला वळसा घालून आलीच. चर्चच्या सणाआधी वेदीवरचे पितळी दिवे घासायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे. पितळ दिसलं की तिचे हात शिवशिवत. "चिंचेनं काळं जाईल, पण चमक नाय येणार," ती म्हणाली. "थांबा, माझी पावडर आणते. फादर म्हणतात, मार्था, तुझ्या दिव्यात मला माझी दाढी दिसते!"

मग काय विचारता! चिंच झाली, राख झाली, पावडर झाली. दिनानाथांनी घासलं, मार्थाबायनं घासलं, शेवटी शेवटी लीलाबाईंनाही राहवलं नाही, त्यांनी जुनी नऊवारी फाडून बोळा दिला. भोंगा असा झळकू लागला की वाडीतला कावळा त्यात स्वतःला बघून ओरडायला लागला.

दिनानाथ लांब उभे राहून बघत होते. "काय सुंदर केलंय गं पोरानं," ते हळूच म्हणाले. "वळण बघ. कड बघ. आपण उगाच बोलत होतो त्याला."

"मग त्याला सांगा हे," लीलाबाई म्हणाल्या.

तोंडानं सांगणं वर्तकांच्या खानदानात बसत नव्हतं. पण एक गोष्ट बसत होती. गावात लग्नाला भांडी मागून नेतात. शेकडो भांड्यांत आपलं कोणतं ते कळावं म्हणून त्यावर नाव घालतात. हा भोंगा तर सिनेमावाल्यांच्या पसाऱ्यात जाणार. कुणाचं काम आहे ते कसं कळायचं? दिनानाथांनी भोंगा पिशवीत घातला, स्कूटरला किक मारली आणि आगाशीला शत्रुघ्नच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"नाव घाल. चांगलं खोल घाल!"

शत्रुघ्ननं भोंगा फिरवून पाहिला. "हे काय आहे काका? फनेल?"

"मंगळावरचं आहे. तू घाल!"

घर्रर्र करत मशीन चाललं आणि भोंग्याच्या मागच्या अंगाला टिपक्याटिपक्यांचं सुबक नाव उमटलं: चि. उमंग दिनानाथ वर्तक, वटार.

बारा वाजता कृतिका मॅडम आल्या. उमंगचा पत्ता नव्हता. वसईच्या पुलावर ट्रक बंद पडला होता, त्याचे फोनवर फोन येत होते. पण दिनानाथ असताना पोराची गरजच काय! त्यांनी मॅडमना कोकम सरबत दिलं, आणि भोंगा असा पुढे केला जणू नवरीचं ताट.

"उमंगचं काम!"

मॅडमनी हातात घेतला. फिरवला. चेहरा उतरला. "काका, यात पोचे नाहीत."

दिनानाथांची छाती फुगली. "एक नाही! शोधून दाखवा!"

"आणि रंग..."

"त्यात बघून भांग पाडून घ्या हवं तर!"

"आणि यावर नाव आहे."

"आहे तर! खणखणीत! पुसून जाणार नाही!"

मॅडमनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. "काका, मला जुन्यासारखा हुबेहूब हवा होता. त्याच जागी तोच पोचा, तोच चरा. याला नाही म्हणावं लागेल मला. सॉरी."

दिनानाथ चक्रावले. पोचे हवे होते? ही कसली बाई? पैसे देऊन कुणी पोचे मागतं?

तेवढ्यात उमंग धापा टाकत आत आला. "सॉरी मॅडम, ट्रॅफिक!" म्हणत त्यानं बॅगेतून एक भोंगा काढून टेबलावर ठेवला. काळाकुट्ट. पोचे आलेला. चरे पडलेला.

दिनानाथ बघतच राहिले. हा दुसरा कुठून आला?

मॅडमनी त्याला बोलूच दिलं नाही. "बरं झालं ओरिजिनल आणलास. इकडे ये, बघ. हे काळेपण बघ. हा कडेचा पोचा बघ. हे काळाच्या हातचं काम आहे, माणसाला जमत नाही. आणि तू काय केलंस?" त्यांनी चकचकीत भोंगा त्याच्या हातात ठेवला. "भांडं केलंस!"

उमंगनं हातातल्या भोंग्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या रिकाम्या टॉवेलकडे. मग बापाच्या नखांतल्या चिंचेकडे. त्याचा चेहरा तांदळाच्या भाकरीसारखा पांढरा पडला. खाली मान घालून तो म्हणाला, "सॉरी मॅडम. नाही जमलं मला."

तेव्हा कुठे दिनानाथांच्या डोक्यात प्रकाश पडला! बॅगेतून निघाला तो पोरानं केलेला. आणि आपण घासला, ठोकला, ज्यावर नाव घातलं तो राजोडीच्या चंद्रहास मास्तरांचा. सिनेमाचं ते पिस्तूल मुळात मास्तरांनीच बनवलं होतं, आणि मापं घ्यायला भोंगा विश्वासानं उमंगच्या हवाली केला असणार. अस्सल भोंगा! आणि हे पोरगं बापाचं नाव यायला नको म्हणून हातातलं काम सोडायला निघालंय!

मॅडम पर्स उचलत होत्या. दिनानाथ गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. हाताचं यश शाबूत राहिलं असतं. फक्त उमंग मितेशमामाच्या दुकानात स्टुलावर बसून लोकांना बाथरूमच्या टाइल्स दाखवत बसला असता. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि दिनानाथ ताडकन उठले.

"मॅडम, थांबा. तो चकचकीत आहे ना, तो अस्सल आहे. म्हणजे होता. सकाळपर्यंत."

"म्हणजे?"

"मी ठोकला. मी घासला. नावही मीच घातलं. पोराचा काही दोष नाही. तुम्ही मघाशी काळाच्या हातचं म्हणालात, तो माझ्या उमंगच्या हातचा."

मॅडम मटकन बसल्या. एक भोंगा पाहिला, दुसरा पाहिला. "हा कडेचा पोचा... तू केलास?"

"चार वेळा," उमंग पुटपुटला. "तीनदा चुकला."

"अरे, मी फसले!" मॅडम ओरडल्या. "मी फसले म्हणजे काम तुझं! सगळं तुझं!" आणि लगेच त्यांचा आवाज खाली आला. "पण मास्तरांना काय सांगायचं?"

दिनानाथांनी स्वतः फोन लावला. स्पीकरवर. कानफटात बसायची तर सगळ्यांसमोर बसू दे! त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडून चंद्रहास मास्तरांनी एवढंच विचारलं:

"पोचे गेले?"

"गेले."

"सगळे?"

"सगळे," दिनानाथ म्हणाले, आणि त्याही परिस्थितीत आवाजात किंचित अभिमान आलाच.

फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला. मास्तर हसत होते! "अहो, मी तो केला तेव्हा असाच झळकत होता. डिरेक्टर म्हणाले, नवाकोरा वाटतो. मग मी स्कूटरला बांधून फरफटवला. तुमचा मुलगा प्रत्येक पोचा ओळखतो ना? त्याच्याकडूनच परत पाडून घ्या. त्याच्या नकलेवरून माझा अस्सल करू दे!"

"आणि नाव?"

"कुणाचं आहे?"

"माझ्या पोराचं."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "मागच्या बाजूला आहे ना? कॅमेऱ्यात येत नाही."

घरात एकदम सुटल्यासारखं झालं. लीलाबाईंनी डोळे पुसले आणि सरबत पुन्हा भरलं. उमंग त्या टिपक्यांच्या नावावरून बोट फिरवत होता. बापानं जन्मात पहिल्यांदा पोराचं कौतुक केलं, आणि तेही दुसऱ्याच्या कामावर!

दिनानाथांनी टेबलावरचा काळा भोंगा हलकेच उचलला. पोच्यांवरून अंगठा फिरवला. नाक ओढलं. "हा खरा तुझा होय रे?"

"हो पप्पा."

"मग नाव चुकीच्या भोंग्यावर पडलं की! शत्रुघ्नचं दुकान दीडपर्यंत उघडं असतं. लीला, स्कूटरची किल्ली कुठेय? आणि मार्थाबायला म्हणावं, जरा पावडर..."

"नको!!!"

तिघंही एकदम ओरडले. मॅडमनी भोंगा हिसकावून पोटाशी धरला आणि सरबत तसंच टाकून फाटकाकडे धूम ठोकली. चपला म्हणे त्यांनी नालासोपारा आल्यावर रिक्षात घातल्या.